बधिर हात, तापते हातमोजे आणि फाशीचा विषय



आज पहाटे बागेत पारा ६ वर होता. चार वाजता उठून ड्रिप सोडली, बांधाच्या कडेने पाच ठिकाणी शेकोट्या केल्या. ज्यांच्या बागा मणी फुगवणीत आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. पारा १० च्या खाली चार दिवस राहिला की फुगवण थांबते, आणि पाणी उतरलेल्या मालाला तडे जायला लागतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात येईपर्यंत आपली रात्र काढून झालेली असते.

पण आज बागेचं नाही लिहीत. आज दोन विषय आहेत. एक हातमोज्याचा आणि एक फाशीचा. तुम्ही म्हणाल याचा त्याचा काय संबंध. माझ्यापुरता आहे, शेवटपर्यंत वाचा.

आधी हातमोजे, कारण बऱ्याच जणांनी विचारलंय.

लेकीने दिवाळीला मला तापते हातमोजे आणले. बॅटरीवरचे. साडेतीन हजाराचे आहेत कळल्यावर मी तिला बोललोच, एवढ्यात एका फवारणीचं औषध आलं असतं. ती म्हणाली, "पप्पा, मागच्या वर्षी कॅनॉलच्या वळणावर पडलात ते विसरलात का?" विसरलो नव्हतो. रात्रीच्या लाईटीची पाळी होती, दोन वाजता मोटार चालू करायला निघालो होतो. वळणावर कुत्रं आडवं आलं. ब्रेक दाबायचा हे डोक्याला कळलं, पण बोटांना कळलंच नाही. दोन बोटं लिव्हरवर होती का नव्हती तेच समजेना. गुडघा फुटला, गाडीचं हँडल वाकलं. नशीब म्हणायचं.

हिशोब साधा आहे. ताशी ४० च्या वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. बोटं बधिर असली आणि ब्रेक एक सेकंद उशिरा लागला, तर द्राक्षाच्या एका ओळीपासून चौथी ओळ ओलांडून गेलात समजा. आणि पारा ५ असताना ४० च्या वेगाने गेलं तर वाऱ्यामुळे उघड्या कातडीला शून्याच्या आसपासची थंडी लागते. आपण म्हणतो सवय आहे. कसली सवय? बधिर झालं की दुखत नाही, त्याला आपण सवय म्हणतो.

दोन महिने वापरून जे समजलं ते सांगतो. या मोज्यात बोटांच्या वरच्या बाजूने बारीक तापणारी तार फिरवलेली असते, तळहाताकडून नसते. मनगटापाशी ७.४ व्होल्टची छोटी बॅटरी असते. कमी, मध्यम, जास्त असं बटण आहे. जास्तवर ठेवलं तर दोन-अडीच तास चालते, कमीवर चार-पाच तास. मी कमीवरच ठेवतो, पुरतं. थेट गाडीच्या १२ व्होल्टला जोडायचे मोजे पण मिळतात, पण आपल्या १०० सीसीच्या जुन्या गाड्यांना तो भार झेपेल का ते आधी मेकॅनिकला विचारा, नाहीतर हात गरम आणि गाडी थंड अशी गत व्हायची.

घेताना घालून बघा, लिव्हर पूर्ण दाबला जातो का, ॲक्सिलेटर सोडल्यावर मोजा कुठे अडकत नाही ना. ज्यांना शुगर आहे त्यांनी जास्तवर ठेवूच नका. बोटांची संवेदना कमी असेल तर चटका बसल्याचं कळत नाही. ओले झाले तर शेकोटीवर धरू नका. आणि हे घालून औषधाच्या पंपाला हात लावू नका, औषध कापडात मुरतं आणि मग ते तसंच घालून तुम्ही घरी पोराला उचलता.

ज्यांना एवढे पैसे घालायचे नाहीत त्यांनी आत सुती आणि वरून रेक्झिनचे मोजे घाला, हँडलला कव्हर बसवा. आणि छाती झाका. छाती गार पडली की शरीर आधी आतलं सांभाळतं, बोटांचं रक्त मागे घेतं. मग कितीही मोजे घाला, उपयोग नाही.

हातमोज्याचं एवढंच. आता दुसरं.

आज सकाळी शेकोट्या विझवून फाट्यावरच्या टपरीवर चहाला गेलो. पेपरात कुठल्यातरी खटल्याची बातमी होती, लहान मुलीवरच्या अत्याचाराची. टपरीवर आधी माझ्या मोज्यांवर हसून झालं. "नानाने हाताला हिटर लावलं" वगैरे. मग विषय बातमीवर गेला आणि सगळे एका सुरात म्हणाले, चौकात फाशी द्या. आमचे तात्या म्हणाले, "कोर्ट कशाला पाहिजे? आमच्या ताब्यात द्या." एरवी मीही मान डोलावली असती. आज डोलावली नाही. तात्यांनी विचारलं, "का हो नाना, तुमचं मत बदललं काय?" मी म्हणलं, "बदललंय. सांगतो कधीतरी." टपरीवर सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितोय.

मी कोणी मोठा माणूस नाही. दहावी पास आहे. पण गुन्हेगारांची बाजू घेणारा नाही हे आधी लिहून ठेवतो. २०१६ च्या जुलैत कोपर्डीत जे झालं, त्यानंतर निघालेल्या मोर्चात मी चाललोय. घरातल्या बायका, पोरी सगळ्या होत्या. फाशी झालीच पाहिजे ही मागणी माझीही होती. २०१७ च्या नोव्हेंबरात अहमदनगरच्या कोर्टाने तिघांना फाशी सुनावली तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले. त्या वेळचा राग खोटा नव्हता आणि आजही त्या रागाची मला लाज वाटत नाही. माझी लेक तेव्हा अकरावीत होती, पहाटेच्या एसटीने एकटी जायची. ज्याच्या घरात मुलगी आहे त्याला हे समजेल.

मग बदललं काय? दोन गोष्टी झाल्या. एक मोर्चाच्या आधीची आहे, पण ती मी मनात दाबून ठेवली होती. दुसरी लेकीने दाखवली.

पहिली सांगतो. दहा-अकरा वर्षं झाली. त्या हिवाळ्यात आमच्या शिवारात विहिरीवरच्या केबली चोरीला जात होत्या. तांब्यासाठी. एका आठवड्यात चार विहिरी झाल्या. ऐन फुगवणीत केबल गेली म्हणजे काय ते तुम्हाला माहिती आहे. आम्ही पोरांनी गस्त सुरू केली. एका रात्री अडीचच्या सुमाराला मी गाडीवर येत होतो. हात बधिर, डोळ्यांतून पाणी. कॅनॉलच्या कडेला एक माणूस दिसला, बॅटरीचा उजेड पडला तसा पळाला. मी आरडाओरड केली. दहा मिनिटांत पाच-पंचवीस माणसं जमली, उसाच्या कडेला त्याला धरला. कुणीतरी विचारलं, "नाना, हाच का?" मी म्हणलं, "हाच."

एवढा एक शब्द. मी त्याचं तोंड बघितलंच नव्हतं. पळताना पाठ बघितली होती.

बाहेरच्या तालुक्यातून द्राक्षाच्या कामाला आलेला मजूर होता. कॅनॉलवर पाल टाकून राहायचा. तो ओरडत होता, परसाकडे आलो होतो, परसाकडे आलो होतो. पाण्याचा डबा तिथेच पडला होता, पण तो बघायला कुणाला सवड होती? मारणाऱ्यांत मीही होतो. खोटं कशाला सांगू. त्याचं उजवं मनगट मोडलं. पोलिसपाटील आले म्हणून तेवढ्यावर थांबलं.

त्यानंतर तीन आठवड्यांत अजून दोन विहिरींच्या केबली गेल्या. आणि मग खरे चोर सापडले. दुसऱ्याच तालुक्यात, भंगाराच्या गाडीसकट. त्यातला एक शेजारच्या गावचा, आमच्या ओळखीचा, जत्रेत आमच्या पंगतीला जेवलेला.

मी त्या मजुराकडे गेलो. पट्टीचा खर्च दिला, वर पाच हजार दिले, पाया पडलो. त्याने पैसे घेतले. म्हणाला, "दादा, कात्री धरता येत नाही आता." एवढंच बोलला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. पुढच्या हंगामाला तो आला नाही.

मी त्या रात्री खोटं बोललो नव्हतो हो. मला खरंच वाटलं होतं की हाच. हे मला आजही टोचतं. खोटं बोलणारा निदान स्वतःला ओळखून असतो, माझी तर खात्री होती. पण तो माणूस जिवंत होता म्हणून मला त्याच्या पाया तरी पडता आलं.

आता दुसरी गोष्ट. लेक नाशकात वकिलीचं शिकते. मागच्या उन्हाळ्यात घरी फाशीवरून आमचा वाद झाला. मी कोपर्डीचं काढलं. ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, आपल्याच जिल्ह्यातली एक केस वाचून दाखवू का?" आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मोबाईलवर काढून तिने मला मराठीत समजावून सांगितला.

जून २००३. नाशिकजवळ पेरूच्या बागेत राखणीला राहणारं कुटुंब. रात्री झोपडीत दरोडेखोर शिरले. पाच जणांना मारलं, बाईवर आणि कोवळ्या मुलीवर अत्याचार केला. ऐकताना मला माझ्याच बागेतलं घर दिसत होतं. असल्या लोकांना फाशी नाही तर काय? पोलिसांनी भटक्या समाजातले सहा मजूर पकडले. २००६ साली नाशिकच्या कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सांगितली. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाचा शिक्का बसला. याच्यापुढे माणसाला कुठली खात्री पाहिजे?

आणि २०१९ च्या मार्चमध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्या रात्री वाचलेल्या बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंमधून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्या चौघांवर खटलाच चालवला नाही आणि ही गोष्ट बाजूला ठेवली गेली. सहातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे फाशी सुनावल्यावर कितीतरी वर्षांनी ठरलं. सोळा वर्षं गेली. प्रत्येकाला पाच लाख भरपाई द्या आणि तपासात चुकलेल्या अधिकाऱ्यांना शोधा, असं कोर्टाने सरकारला सांगितलं.

लेक वाचत होती आणि मला कॅनॉलचा तो माणूस दिसत होता. आम्ही पंचवीस जण अंधारात होतो, रागात होतो, अडाणी म्हणा. पण इथे तर तीन पायऱ्यांची कोर्टं होती, वकील होते, कागद होते. तरी "हाच" म्हणून चुकलंच. फरक एवढाच की आपल्याकडे फाशी लवकर होत नाही म्हणून सहा जण वाचले. टपरीवर आपण ज्या उशिराला शिव्या देतो, त्याच उशिराने त्यांना वाचवलं. तात्यांचं ऐकून चौकात लटकावले असते तर २०१९ ला कोर्टाने कुणाला सोडलं असतं?

आणि त्या पेरूच्या बागेतल्या कुटुंबाला काय मिळालं? काहीच नाही. चुकीची माणसं आत होती तेवढी वर्षं खरी माणसं मोकळी होती. आमच्या केबलीसारखंच. चुकीचा माणूस धरून आम्ही समाधानाने झोपलो आणि चोर पुढच्या विहिरीवर गेले. म्हणून सांगतो, घाईची फाशी ही पीडितांची बाजू नाही. ती आपल्या रागाची बाजू आहे.

आता तुमचे प्रश्न मला माहिती आहेत, मीच ते विचारत आलोय.

पहिला, दहशत बसायला पाहिजे. बरोबर. पण दहशत कशाने बसते? आपल्या धंद्यातलं उदाहरण घ्या. डावणी घडात उतरल्यावर औषधाचा डोस दुप्पट केला म्हणून घड वाचतो का? वाचत नाही. आधी, वेळेवर, पानाच्या खालच्या बाजूला पोचेल अशी फवारणी लागते. गुन्ह्याचंही तसंच आहे. आपण सापडणार याची खात्री असेल तर माणूस घाबरतो. सापडणारच नाही असं वाटत असेल तर शिक्षा कितीही मोठी लिहा, तो वाचायला बसत नाही. आपल्याकडे तक्रार लिहून घ्यायलाच चार खेटे घालावे लागतात, आणि आपण डोस वाढवायच्या गोष्टी करतो.

दुसरा, आपल्या पैशाने पोसायचं कशाला? मलाही राग येतो. पण माणूस मारायचा की नाही हे भाकरीच्या खर्चावर ठरवायचं नसतं. ठरवायचंच म्हटलं तर त्या सहा जणांच्या सोळा वर्षांची किंमत पण मांडा.

तिसरा, आणि हा सगळ्यात जड. तुझ्या लेकीवर वेळ आली असती तर? मी खोटं बोलणार नाही. मी कोर्टाची वाट बघितली नसती, कुऱ्हाड घेऊन निघालो असतो. पण म्हणूनच हा निर्णय माझ्या हातात नको. ज्याचा हात बधिर झालाय त्याने गाडी चालवू नये, आणि दुःखाने डोकं बधिर होतं तेव्हा माणूस हातापेक्षा जास्त चुकतो. कायदा त्या वेळेसाठीच पाहिजे.

कायद्यात आज काय आहे तेही सांगतो. खुनाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खाली फाशी किंवा जन्मठेप आहे. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलंय की जन्मठेप हा नियम आणि फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात. खालच्या कोर्टाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय देता येत नाही. मग सर्वोच्च न्यायालय, मग राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. २०१५ साली विधी आयोगाने तर दहशतवादाचे गुन्हे सोडून बाकी फाशी बंद करा अशी शिफारस केली. ती सरकारने मानलेली नाही.

उशिराचं दुखणं मात्र खरं आहे. दिल्लीचं निर्भया प्रकरण डिसेंबर २०१२ चं, फाशी झाली मार्च २०२० ला. एवढी वर्षं त्या आईने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. फाशी म्हटलं की प्रत्येक पायरीवर परत तपासणी आलीच, आणि ती यायलाच पाहिजे. त्यात पीडितांचं आयुष्य टांगून राहतं.

म्हणून माझं मत असं झालंय. फाशी नको. मरेपर्यंत तुरुंग, मधे कसली सवलत नाही, कसली सुटका नाही. अशी शिक्षा आजही मोठी कोर्टं देऊ शकतात. दार बंद, पण किल्ली शिल्लक. उद्या कळलं की माणूस चुकीचा होता, तर उघडता येईल. गेलेली वर्षं परत येणार नाहीत, कात्री धरता येणार नाही, पण निदान समोर उभं राहून माफी मागता येईल. आणि मोर्चा काढायचाच तर फाशीसाठी नको. तक्रार त्याच दिवशी लिहून घ्या, तपास नीट करा, खटला वर्षाच्या आत चालवा, एसटी थांब्यावर दिवा लावा, यासाठी काढा. मी पुढे चालेन.

हे वाचून काही जण रागावतील. तात्या तर रागावतीलच. तात्या, उद्या चहा माझ्याकडून, पण आधी वाचा आणि मग बोला. कोपर्डीच्या वेळी माझ्याबरोबर चाललेल्यांना एवढंच सांगतो, आपला राग मी सोडलेला नाही. तो कुठे लावायचा ते बदललंय.

या आठवड्यात परत रात्रीची लाईट आहे. दोन वाजता निघेन. कॅनॉलच्या त्या वळणावर मी अजूनही गाडी हळू करतो, कुत्र्यामुळे नाही. तुम्हीही रात्री निघाल तेव्हा हात गरम ठेवा, गाडी सावकाश चालवा. आणि कधी कुणी घोळक्यात विचारलं "हाच का?", तर आधी तोंड बघा, मग बोला.

पारा उद्या अजून उतरणार म्हणतात. शेकोट्यांचं लाकूड आजच काढून ठेवा.